हात सोडवायचा आणि तिठा गाठायचा

"ताई, मी देवगड तालुक्यातली, वय २३. तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये कामाला आहे. संध्याकाळची एसटी साडेसातला तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे सोडते, तिथून वाडीपर्यंत पाणंदीने १५ मिनिटं चालत. शेजारच्या वाडीतला एक जण गेले दोन महिने बाईक आडवी घालतो, नंबर दे, बोल ना, असं चालू होतं. मागच्या आठवड्यात त्याने मनगट धरलं. माझा आवाजच फुटला नाही. मागून कोणाची तरी बॅटरी दिसली म्हणून त्याने सोडलं. घरी फक्त आईला सांगितलंय, ती म्हणते नोकरी सोड. भावाला सांगितलं तर तो मारामारी करेल. मी रोज रात्री सेल्फ डिफेन्सच्या रील बघते, पेपर स्प्रेपण मागवलाय. शाळेत दहावीपर्यंत कबड्डी खेळायचे, तेवढंच. तो परत आडवा आला तर मी नेमकं काय करू?"

गो बाय, पत्र वाचलं आणि मी तुझ्या त्या एका वाक्यावरच अडकले, आवाजच फुटला नाही म्हणालीस ना, त्याच्यावर. त्यात तू स्वतःला दोष देतेयस हे मला दिसतंय, म्हणून आधी त्यावरच बोलू, मनगटाचं नंतर.

मी २२ वर्षांची होते तेव्हा ६ वर्षं कराटे शिकून झालं होतं, स्पर्धा खेळून झाल्या होत्या, आणि एकदा रात्रीच्या पॅसेंजरमध्ये दाराजवळ उभी असताना मागून एकाने कमरेत हात घातला. मी काय केलं? दांडा घट्ट धरला आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तशीच उभी राहिले. एक शब्द नाही की एक धक्का नाही. पुढे वर्षभर मी हे कोणाला बोलले नव्हते, कारण मला वाटायचं इतकं शिकले त्याचा काय उपयोग झाला. शिकवायला लागले तेव्हा कळलं की समोर बसलेल्या मुलींमधल्या कितीतरी जणींचं हेच झालेलं असतं. अचानक धोका आला की अंगात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, कोणी पळतं, कोणी भिडतं आणि बरीच माणसं जागच्या जागी गोठतात, गवतात ससा निपचित बसतो ना तशी. ते आपण ठरवून करत नाही, शरीर आपल्याला न विचारता करतं. तू घाबरट आहेस असा त्याचा अर्थ नाही, आणि तुझी त्याला संमती होती असा तर मुळीच नाही, हे कोणी उद्या तुला ऐकवलं तरी ऐकून घेऊ नकोस.

पण हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच काही आपोआप ठरतं. अशा वेळी तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, बोटांची बारीक कामं जमत नाहीत, स्वतःच्या दाराच्या कुलपात किल्ली लागत नाही, आणि बोगद्यातून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. मग त्या रीलमधलं आधी त्याचा अंगठा असा धर, मग कोपर असा फिरव, मग पाय मागून घाल, हे चार-पाच टप्प्यांचं काम त्या क्षणी होईल का तूच सांग. शिवाय ती रील बनते गादीवर, उजेडात, आणि ज्याचा हात पिरगळायचा तो माणूस पडायला तयारच असतो. तुझी पाणंद आहे दोन्हीकडे दगड रचलेले गडगे असलेली, पावसात चिऱ्यांवर शेवाळ, पायात चप्पल, खांद्याला पर्स आणि हातात छत्री. तिथे कमरेच्या वर लाथ उचलायला गेलीस तर आधी तूच पडशील. म्हणून रील बघणं बंद कर असं मी स्पष्ट सांगते, त्याने रात्रीची झोप जाते आणि हाताला काही येत नाही.

आता तू 'तेवढंच' म्हणून जे बाजूला टाकलंस त्याच्याकडे येऊ. कबड्डी! अगं, मला माझ्या वर्गात येणाऱ्या मुलींना जे शिकवायला दोन-तीन महिने लागतात ते तुझ्या अंगात आधीच आहे. बहुतेक मुलींना दुसऱ्या माणसाने पूर्ण ताकदीने धरल्यावर काय वाटतं हेच माहीत नसतं, तुझा घोटा, मांडी, कंबर, मनगट सगळं धरून झालेलं आहे आणि तरी तू तोंडाने कबड्डी कबड्डी चालू ठेवून रेषेकडे ओढ घेतलेली आहेस. आठव ना चढाई. समोर सात जणी, चढाईला ३० सेकंद, आणि महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत अंतर फक्त ६ मीटर. पकड झाली तर तू त्या सातजणींना हरवायला जायचीस का? नाही ना, नुसता हात लांब करून बोट मध्यरेषेला लावायचीस आणि सुटायचीस. मला तुझ्याकडून एवढंच पाहिजे. त्या माणसाला धडा शिकवायचा नाही, त्याला लोळवायचं नाही, दम न तोडता मध्यरेषा गाठायची.

तुझी मध्यरेषा कुठे आहे ते आधी ठरव. रविवारी उजेडात आईला घेऊन ती पाणंद तिठ्यापासून घरापर्यंत चाल आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचार, इथे अडवलं तर सगळ्यात जवळ माणसं कुठे? समजा व्हाळावरच्या साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत तिठा जवळ आहे, तिथे दुकान उघडं असतं, म्हणजे साकवाच्या अलीकडे काही झालं तर मागे पळायचं. साकवाच्या पलीकडे पहिलं घर कोणाचं, त्यांच्या खळ्यात, अंगणात दिवा असतो का, कुत्रा अंगावर येतो का, गडग्याला बेडं, म्हणजे आत जायचं फाटक, कुठे आहे, ते ढकललं की उघडतं का, सगळं बघून घे. त्या घरातल्या काकींना सांगून ठेव की मी कधी धावत आले तर दार उघडा. आपल्याकडे असं सांगायला लाज वाटते, पण एकदा सांगितलं की काकी स्वतःहून साडेसातला पडवीत येऊन बसतील, कोकणातल्या बायका मी ओळखते.

आता मनगट. हे आजच आईला समोर उभं करून कर. तिला सांग माझं उजवं मनगट गच्च धर, अगदी खरंखुरं. आता तिची मूठ नीट बघ. चार बोटं एकीकडून आली, अंगठा दुसरीकडून आला आणि जिथे अंगठ्याचं टोक बोटांना भेटतं तिथे एक फट आहे. कितीही दणकट माणूस असू दे, त्याच्या मुठीत ती फट असतेच, तिथे फक्त एका अंगठ्याचा जोर असतो. सरळ मागे ओढलंस तर त्याच्या चार बोटांशी झगडा होतो आणि तू हरतेस, बहुतेक सगळ्या जणी पहिल्यांदा तेच करतात. त्याऐवजी मनगट असं फिरव की मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल. मग हात ओढायचा नाही, कोपर वाकवून ते कोपर त्याच्या अंगाकडे ढकलायचं आणि त्याच झटक्यात आपली मूठ आपल्या दुसऱ्या खांद्याकडे आणायची, जसं काही खांद्यावरची ओढणी मागे टाकतेयस. हात सुटतो. हे करताना एक पाऊल मागे टाकायचं, म्हणजे नुसत्या हाताचा नाही तर अख्ख्या अंगाचा जोर त्या एका अंगठ्यावर येतो. त्याने दोन्ही हातांनी तुझा एक हात धरला असेल तर तुझा मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घाल, आपलीच मूठ पकड आणि दोन्ही हातांनी वर खेच. आईकडून उजवं, डावं, समोरून, आडवं असं रोज १५-२० वेळा धरून घे, मग भिजलेल्या हाताने, मग पर्स खांद्याला असताना, मग डोळे मिटून. आठ दिवसांनी तुला विचार करावा लागणार नाही.

पण एक खरं सांगते, दणकट पुरुषाने तयारीत धरलं असेल तर नुसत्या या झटक्याने दरवेळी सुटेलच असं नाही. म्हणून पाय आधी, हात नंतर. चपलेच्या टाचेने त्याच्या नडगीवर वरून खाली घासत ये आणि पावलावर दाण् करून आपट, तेवढ्यात त्याचं लक्ष मनगटावरून खाली जातं आणि त्याच क्षणी हात काढायचा. तरी सोडत नसेल, जवळ ओढत असेल तर तळहात. बोटं मागे वाकवून तळहाताचा जाड भाग खालून वर हनुवटीखाली किंवा नाकावर. बुक्की नको, सवय नसलेल्या हाताने कवटीवर बुक्की मारली तर आपल्याच करंगळीमागचं हाड मोडतं. बोटांमध्ये किल्ल्या धरून मारायचं जे सांगतात तेही नको, त्या किल्ल्या आपल्याच बोटांत घुसतात. अगदी अंगाला अंग लागलं असेल तर कोपर, ते शरीरातलं जवळून मारायला सगळ्यात भक्कम हाड आहे. गुडघा दोन पायांच्या मध्ये मारायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पुरुषांनाही, त्यामुळे ते आधीच सावध असतात, म्हणून वर तळहात बसला, त्याचे हात तोंडाकडे गेले की मग खाली गुडघा. आणि एवढं झालं की बघत उभं राहायचं नाही, पर्स तिथेच पडली असेल तर पडू दे, तू तुझ्या रेषेकडे.

पळताना आणि त्याच्याही आधी, आवाज. माझ्या मते सगळ्यात जास्त सराव याचाच लागतो. मी दरवर्षी पावसाळा संपता संपता मुलींना समुद्रावर नेते, लाटांसमोर उभं करते आणि सांगते, लाटांच्या गाजेच्या वर तुमचा आवाज मला इथे मागे ऐकू आला पाहिजे. एका वर्षी १४ जणी होत्या, बारावीच्या आणि कॉलेजच्या, पहिली २० मिनिटं एकीच्याही घशातून धड आवाज निघेना, एकमेकींकडे बघून हसत होत्या, ओढणी तोंडात धरत होत्या. बाजूला वाळूत एक कोळीण सुकत घातलेली मासळी उलथत होती, साठीची असेल, ती हातातलं काम टाकून उठली आणि म्हणाली, "गो चेडवांनू, गळ्यातून नको, पोटातून," आणि कमरेवर हात ठेवून तिने "सोड माका!" अशी जी हाक मारली ती मी आजपर्यंत विसरले नाही, दूर रापणीचं जाळं ओढणारे चारजण मान वळवून बघायला लागले. लिलावात उभं राहून कमावलेला आवाज तो. मग एकेक पोरगी सुटली. एक जण ओरडता ओरडता रडायला लागली आणि मी तिला थांबवलं नाही.

तर तूही जा. मैत्रिणीला घेऊन किंवा एकटी सकाळी. पोटातून श्वास सोडत ओरडायचं, कराटेत प्रत्येक मुख्य फटक्याबरोबर जी आरोळी देतात तिचंही तेच गणित आहे, आवाज निघाला म्हणजे श्वास सुटला आणि श्वास सुटला की गोठलेलं अंग हलतं. तुझ्या कबड्डीच्या दमाचंही तेच. काय ओरडायचं ते आधीच ठरवून ठेव, त्या वेळी शब्द सुचत नाहीत. "वाचवा" पेक्षा "हात सोड!" चांगलं, कारण ऐकणाऱ्याला काय चाललंय ते कळतं. आणि तू त्याला नावाने ओळखतेस ना, मग नाव घे! पूर्ण नाव, वाडीसकट. "अमक्या, हात सोड माझा!" अंधारात तोंड लपवून वावरणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव अख्ख्या पाणंदीत घुमलेलं अजिबात सोसत नाही.

इथेच मला तुझी खरी अडचण दिसते. अनोळखी टूरिस्ट असता तर कदाचित तू ओरडलीही असतीस. हा गावातला, याची आई तुमच्याकडे गणपतीला येत असेल, हा रस्त्यात भेटला की आपण हसतो, म्हणून हात वर जात नाही आणि जीभ रेटत नाही. दोन महिने तू हसून, "उशीर होतोय रे", "आई वाट बघतेय" असं म्हणून वेळ मारून नेली असशील, आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय आणि त्यात तुझी चूक नाही. पण आता एकदा, हात धरायच्या आधी, लांबूनच स्पष्ट बोलायचं. बाईक आडवी दिसली की दोन हातांचं अंतर ठेवून थांब, एक पाय मागे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे. लांबून बघणाऱ्याला वाटेल तू समजावतेयस, पण तुझे हात वरच आहेत आणि त्याला तुझ्यापर्यंत पोचायला तुझ्या हातांवरून यावं लागेल. आणि बोल, "मला तुझ्याशी बोलायचं नाही. परत मला अडवायचं नाही. बाजूला हो." प्लीज नको, दादा नको, कारण नको, सॉरी नको. कारण दिलंस की तो त्या कारणावर वाद घालतो. एकच वाक्य परत परत, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने. तो अंतर तोडून पुढे आला की मग ओरड आणि वळ. बाईक वळवायला पाणंदीत जागा किती लागते माहितीय ना, तो वळेपर्यंत तुझी सुरुवात झालेली असेल, आणि जिथे पायऱ्या आहेत त्या बाजूने गेलीस तर बाईक येतच नाही.

पेपर स्प्रेबद्दल. ठेव जवळ, स्वतःच्या रक्षणासाठी बाळगायला काही अडचण नाही. पण आपण समुद्राकाठची माणसं, वाऱ्याचा विचार आधी. दिवसा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, आणि तुझी साडेसातची वेळ नेमकी अशी की वारा पडलेला तरी असतो नाहीतर फिरत तरी असतो. तोंडावर वारा असताना स्प्रे मारलास तर तो तुझ्याच डोळ्यांत. म्हणून रोज एसटीतून उतरलीस की गालाला वारा कुठून लागतोय ते बघायची सवय लाव. घरामागे मोकळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, एकदा सेकंदभर मारून बघ, धार किती लांब जाते आणि बटणाचा लॉक अंधारात अंगठ्याने उघडतो का ते कळेल. बाटलीवरची एक्स्पायरी बघ. आणि तो पर्सच्या तळाला रुमाल-चार्जरच्या खाली असेल तर नसल्यासारखाच, तिठ्यावर उतरतानाच हातात. दुसऱ्या हातात चांगली बॅटरी, मोबाईलची नको. बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारला की अंधाराला सरावलेले डोळे काही क्षण दिपतात, तेवढे तुला पुरे. पावसात छत्री आहेच, मिटलेली छत्री दोन्ही हातांनी आडवी धरून छातीवर ढकलायला उत्तम, डोक्यात घालायला नाही, ती मोडते. कोयती किंवा चाकू मात्र पर्समध्ये ठेवू नकोस, झटापटीत ते आपल्या हातात राहील याची खात्री नसते.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते कारण तुझ्यावर ती वेळ आलेली नाही. मागून मिठी मारली तर गुडघे वाकवून अंग एकदम जड करून खाली बस, तुझ्या कबड्डीत कंबर धरल्यावर करायचीस तसं, आणि मग टाचेने पाऊल, कोपराने बरगडी. केस धरले तर त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धर, म्हणजे ओढ बसत नाही, आणि नडगीवर लाथ मार. गळा धरला तर वेळ नसतो, हनुवटी छातीकडे दाब, दोन्ही हातांनी त्याचे अंगठे उपटून काढ आणि गुडघा, डोळे, जे मिळेल ते, तिथे दयामाया नको. ओढणी पिनअप करून गळ्याभोवती घट्ट ठेवू नकोस, ओढली तर निसटून जाईल अशी ठेव. खाली पडलीस तर उठायची घाई नको, पाठीवर राहून पाय त्याच्याकडे ठेव आणि गुडघ्यांवर लाथा मार, संधी मिळाली की उठ. कोणी हत्यार दाखवून पर्स-मोबाईल मागितला तर एका बाजूला लांब फेक आणि दुसऱ्या बाजूला पळ, सोन्याची चेनसुद्धा जाऊ दे. पण कोणी गाडीत बस म्हणाला, चल तिकडे म्हणाला, तर हत्यार असलं तरी जायचं नाही, जे काय ओरडायचं लढायचं ते तिथेच, कारण तो जिथे नेणार ती जागा त्याने निवडलेली असते.

आता कायदा, कारण बऱ्याच मुलींना भीती असते की मी मारलं तर केस माझ्यावरच होईल. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाच्या हक्काची आहेत. बचावासाठी जेवढं लागेल तेवढं बळ वापरणं हा गुन्हा होत नाही. तो पिऊन होता हे कारण त्याला उपयोगाचं नाही, दारूच्या नशेतल्या माणसाविरुद्धही हक्क तेवढाच. फक्त गरजेपेक्षा जास्त नाही, म्हणजे तो सोडून पळायला लागला आणि तू मागे धावून दगड घातलास तर तो बचाव राहत नाही. म्हणून पण मी रेषा गाठायचं म्हणते. आणि दुसरं, तो करतोय त्याला नाव आहे. तू स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा मागे लागणं, संपर्क करायला बघणं हा कलम ७८ खालचा पाठलागाचा गुन्हा, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा. वाईट हेतूने मनगट धरणं कलम ७४ मध्ये येऊ शकतं, त्याला कमीत कमी १ वर्ष आणि ५ वर्षांपर्यंत. लक्षात आलं का मी ते वाक्य ठणकावून बोलायला का सांगतेय, तुझं स्पष्ट 'नको' पुढे पुराव्यातही लागतं. शक्य झालं तर व्हॉट्सअ‍ॅपवरही एकदाच लिहून टाक, मला संपर्क करू नकोस, आणि स्क्रीनशॉट आईच्या फोनवर पाठव. त्यानंतर त्याच्या कुठल्याही मेसेजला उत्तर नाही, पण मेसेज डिलीटही नाही.

आज रात्री रील बघायच्या वेळेला एक वही घे आणि दोन महिन्यांतलं आठवेल तेवढं तारीखवार लिही, कुठे अडवलं, काय बोलला, बाईकचा नंबर, कोण होतं आसपास, मनगट धरलं त्या दिवशी बॅटरी घेऊन येणारा माणूस कोण होता ते शोध, तो तुझा साक्षीदार आहे. मनगटावर अजून वळ असेल तर फोटो काढ. मग आईला घेऊन पोलीस पाटलांकडे जा आणि तिथून पोलीस ठाण्यात. अशा गुन्ह्यात तुझी फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि हे आमच्या हद्दीत नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते. अडीअडचणीला ११२, तोच नंबर सगळीकडे, पण तुझ्या पाणंदीत रेंज कुठे जाते ते रविवारी चालताना बघून ठेव, आणि फोनचं पॉवर बटण किती वेळा दाबल्यावर आपत्कालीन कॉल लागतो ते सेटिंगमध्ये आजच तपास. गावकीत बसून मिटवू, पोराचं लग्न ठरतंय, असं कोणीतरी नक्की म्हणेल. मिटवायचं की नाही ते तू ठरवायचं, तुझ्या पाठी इतरांनी नाही, आणि मला विचारशील तर लेखी तक्रार झाल्याशिवाय कुठल्याही बैठकीला जाऊ नकोस.

भावाला सांग. मला माहितीय तुला काय भीती आहे, पण बाहेरून त्याच्या कानावर गेलं तर तो जास्त भडकेल. आईच्या समोर बसव आणि सांगतानाच त्याला काम दे, तू रोज साडेसातला तिठ्यावर ये, महिनाभर, आणि मला रोज संध्याकाळी पकडून दाखव, मी सुटून दाखवते. त्याने जाऊन हात उचलला तर केस त्याच्यावर आणि तुझी तक्रार बाजूला पडेल, हे त्याला शब्दात सांग. पोरांना राग घालायला जागा लागते, ती आपण द्यायची. एसटीच्या कंडक्टरलाही सांगून ठेव, आपल्याकडचे कंडक्टर काका रोजच्या पोरींना ओळखतात, तू उतरून दुकानाच्या उजेडात जाईपर्यंत एक मिनिट गाडी थांबवतील.

आणि आईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं नोकरी सोडल्यावर पाणंद काही बदलणार नाही, बाजाराला, देवळात, मैत्रिणीकडे जायला तीच पाणंद आहे. तिची काळजी मला कळते, माझी आईही तशीच होती, पण तिने रोज तुझं मनगट धरायचं काम घेतलं तर त्या काळजीला काहीतरी हाताशी मिळेल. ती सुरुवातीला हळूच धरेल, तुला लागेल म्हणून. तिला सांग जोरात धर.

१५ दिवसांनी परत लिही, तक्रारीचं काय झालं ते सविस्तर लिही, मी वाट बघतेय. आणि चढाईला तू डावीकडून जायचीस की उजवीकडून तेही कळव, त्यावरून तुझा कुठला पाय मागे राहतो ते मला समजेल, मग पुढचा सराव त्या पायाच्या हिशोबाने लिहून देते.